उजव्या गालाच्या आत

"आक्का, आज पण तिखट विसरलात?" मुल्ला गुरुजींनी चमचा ताटलीत ठेवला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"विसरले न्हाई गुरुजी. ल्हान पोरं हाईत. पोट बिघडतं."

"एकोणीस वर्षं खिचडी शिजवताय तुम्ही. यातल्या निम्म्यांच्या बापांनी तुमच्या हातचं खाल्लंय. त्यांचं नाही ते बिघडलं?"

"तवाची पोटं येगळी हुती."

गुरुजी हसले. पोरांना वाढायच्या आधी मास्तरानं चव घ्यायची असा शाळेचा नियम होता आणि गुरुजी तो मनापासून पाळत. जाता जाता दारातून वळून म्हणाले, "बरं, तिखट राहू द्या. पण मिठानं पोट बिघडतं असं काही ऐकलं नाही मी."

सुंद्राक्कानं घाईघाईनं मिठाचा डबा ओढला. मूठ भरली, पुन्हा अर्धी ओतली, पुन्हा भरली. किती टाकायचं ते तिला आता कळत नव्हतं. तिचा सगळा स्वयंपाक आजवर जिभेवर चालत आला होता. डाव्या तळहातावर थेंब घ्यायचा, जीभ टेकवायची की झालं. आषाढापासून ते बंद पडलं होतं. मीठ लागलं की उजव्या गालाच्या आत, शेवटच्या दाढेजवळ, कुणी चिमटा तापवून लावावा तसं व्हायचं. तिखटाचं तर नावच नको. मग ती वासावर आणि अंदाजावर शिजवायची, आणि अंदाज रोज चुकायचा.

घरी ती भाकरी दुधात कुस्करून खायची. पोरगा दत्ता म्हणायचा, "आई, दाढ काढून घे की." तीही म्हणायची, "काढू की, ऊस तुटू दे." ऊस तुटून गेला. दाढ जागेवरच होती, आणि दाढेचं काही दुखणं नव्हतंच हे सुंद्राक्काला ठाऊक होतं. ते ठाऊक असणं तिला बसू देत नव्हतं. भांडी घासायला बसली की उठायची, उठली की कशाला उठलो ते आठवायचं नाही. रात्रीसाठी निवडून ठेवलेले तांदूळ ती पुन्हा सुपात घ्यायची.

औषध मात्र ती करत होती. त्या जागेवर मिश्री लावायची.

मिश्रीवर तिचा विश्वास असण्याला कारण होतं. सोळाव्या वर्षी ती या घरात आली तेव्हा दाढ ठणकत होती, आणि सासूनं तव्यावर काळी करून कुटलेली तंबाखू स्वतःच्या बोटानं तिच्या हिरडीला चोळली होती. चक्कर आली, ओकारी झाली, पण ठणका बसला. तेव्हापासून सकाळी उठल्यावर मिश्री, जेवल्यावर मिश्री, शाळेतून आल्यावर मिश्री. त्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही, डोकं हलकं व्हायचं नाही. पुढं तव्यावर भाजण्यात तिचा असा हात बसला, की गल्लीतल्या बाया स्वतः भाजणंच विसरल्या. मागच्या परसात शेवग्याखाली ती तवा मांडायची. अर्धी गल्ली खोकायची, पण कुणी कुरकुर करत नसे. सगळ्यांच्या डब्या त्याच तव्यावर भरायच्या.

आता तिनं स्वतःसाठी आणखी काळी भाजायला घेतली होती. जास्त भाजली की जास्त लागू पडते, असा तिचा समज. आणि खरंच, लावली की तासभर गाल बधिर व्हायचा, जिवाला थारा मिळायचा. मग पुन्हा आग. मग पुन्हा बोट. दिवसातून चार वेळा लावणारी बाई आता किती वेळा लावते, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

दवाखान्याचं नाव मनात आलं की तिला नणंद दिसायची. कासूबाई. तिच्या तोंडातला तुकडा तपासायला काढला होता, आणि दहा महिन्यांत ती गेली. गल्लीत बारक्या पोरीलासुद्धा ठाऊक होतं: लोखंड लागलं आणि रोग पसरला. कुणी काही विचारलंच असतं तर सुंद्राक्कानंही तेच सांगितलं असतं.

दत्तजयंतीचा सप्ताह संपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं काल्याचं कीर्तन उभं राहिलं. सुंद्राक्काचा कीर्तनावर लहानपणापासून जीव. नाम घेताना ती टाळकऱ्यांच्याही वर सूर लावायची, महाराज थट्टेनं म्हणायचे, "माउली, आम्हालाही थोडं म्हणू द्या." यंदा ती सगळ्यात मागं, चपलांच्या ढिगापाशी बसली होती. तोंड उघडून गायलं की गाल आतून ओढायचा. ओठ हलवत होती, आवाज नव्हता.

महाराज रंगात आले होते. गोपाळांच्या शिदोऱ्या सुटत होत्या. कुणाचं लोणी, कुणाचं दही, कुणाच्या पोळ्या.

"आणि पेंद्या!" महाराजांनी एक पाय दुमडून लंगडत दोन पावलं टाकली, बायका हसल्या. "पेंद्या मागं मागं सरकतोय. फडक्याची गाठ मुठीत धरलेली. देव विचारतो, काय रे आणलंस? हा म्हणतो, काही नाही देवा, गुरं बांधायची दोरी आहे. देव म्हणतो, दोरीला आंबूस वास येतो होय रे?" पखवाजावर थाप पडली. महाराजांनी आवाज एकदम खाली आणला. "दोन दिवसांची विटलेली कण्यांची पेज होती हो. गरिबाला लाज वाटली. तर देव काय म्हणाला? पेंद्या, चांगलं चांगलं मला सगळेच दाखवतात रे. तू तुझं विटलेलं दाखव. आधी मी तेच खाणार."

आणि मग नामाचा गजर झाला, टाळांनी देऊळ भरून गेलं. सुंद्राक्कानं पदर तोंडावर ओढून घेतला. तिला वाटलं, उठून जावं. पण काल्याच्या कीर्तनातून मधेच उठायचं नसतं.

हंडी फुटली. परातींतून काला आला: ज्वारीच्या लाह्या, पोहे, आंबट दही, हिरवी मिरची, लिंबाचं लोणचं. त्या गावात काला हातात घेऊन खात नाहीत. बाया एकमेकींच्या तोंडात घास देतात. वर्षभर भांडलेल्या जावासुद्धा त्या दिवशी समोरासमोर येतात, कारण काल्याच्या घासाला तोंड फिरवलं तर उघड वैर धरलं असं होतं.

मालन गर्दीतून वाट काढत आली. शेजारीण, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. आवाज असा की विहिरीवर बोलली तर चावडीत ऐकू जाई.

"हितं चपला राखाय बसलीस व्हय? घे."

"ठेव हातावर. खाते."

"हातावर? भिकारीण हाईस का काय? आ कर."

"दाढ दुखतीया मालन."

"मग डाव्या अंगानं खा." मालनचा घास हवेत थांबला होता. सुंद्राक्कानं मान वळवली. शेजारच्या दोघी बघू लागल्या.

मालनचा आवाज पडला. "माझं काय चुकलं का आक्का? चार म्हयनं झालं, माझ्या दारानं जाती न् आत येत न्हाईस. काय असंल तर शिवी दे. पन आज तोंड फिरवू नगंस."

आता काय करणार? सुंद्राक्कानं तोंड उघडलं. पुरतं उघडलंच नाही. मालननं घास रेटला, मिरचीचा तुकडा आणि लिंबाची फोड नेमकी उजवीकडं गेली.  सुंद्राक्कानं मालनचं मनगट धरलं आणि नखं रुतवली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

"काय झालं? थुक, थुक हितं." मालननं तिला भिंतीकडं वळवलं, हनुवटी धरून तोंड उन्हाकडं केलं आणि बोट घालून घास बाहेर काढला. आणि बोट तसंच राहिलं. आतला गाल पांढरा पडला होता, जुन्या भिंतीला पोपडे यावेत तसा. मधोमध लाल मांस वर आलेलं.

मालन चपलांवरच बसली.

"कवापासनं?"

"आषाढ."

"आता मार्गशीर्ष हाय आक्का."

"मला म्हयनं मोजता येत्यात."

"उद्या दवाखान्यात जायचं. दत्ताच्या टेंपोतनं."

"कासूबाईगत? लोखंड लावून घ्यायला?"

मालननं देवळाकडं बघितलं. देवळात आरती सुरू झाली होती. मग ती बोलली ते इतक्या खालच्या आवाजात की सुंद्राक्काला वाकावं लागलं.

"लोखंडाआधी आठ म्हयनं कासूबाईच्या तोंडात हे हुतं. मला दावलं हुतं तिनं, वड्यावर, धुनं धुताना. माझ्या पोराची शपथ घातली, कुनाला सांगू नगंस म्हनून. तुकडा काढला तवा तिचा गाल भायेर फुटाय आला हुता. तवर काय शिल्लक ऱ्हायलं हुतं पसरायचं? समदी लोखंडाला बोल लावाय लागली, न् म्या गप बसले." तिनं पदरानं नाक पुसलं. "तवा गप बसले. आता न्हाई बसायची. आरती झाली की देवळातच सांगते, माझा आवाज तुला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी दत्ताच्या टेंपोतून दोघी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. दंतविभागातली डॉक्टर पोरगीच होती, सत्तावीस-अठ्ठावीसची. तोंड किती उघडतं ते बघायला तिनं आधी सुंद्राक्काला तिचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितलं. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं.

"मिश्री कुठल्या बाजूला लावता मावशी?"

सुंद्राक्का सांगायला गेली, त्याआधीच उजव्या हाताची तर्जनी आपली आपण उजव्या गालाकडं गेली. एकेचाळीस वर्षांची सवय. डॉक्टरनं ते बोट पाहिलं. आरसा घातला, कापसानं टिपलं, पुष्कळ वेळ बघितलं. दुखणाऱ्या जागेवरच आक्का मिश्री दाबून धरते हे मालननं सांगितलं, तेव्हा डॉक्टरनं क्षणभर डोळे मिटले.

"तुकडा काढावा लागेल. मटाराच्या दाण्याएवढा. भूल देऊन."

"त्यानं पसरतं का?"

"तुमच्याकडं शेत आहे?"

"दीड एकर."

"आमच्याकडं शाळू असतो. कणसात कीड आहे का बघायला माझा बाप एक कणीस मोडतो. मोडल्यामुळं शेताला कीड लागते का?"

सुंद्राक्कानं विचार केला. "न्हाई. पन न मोडता ठेवलं तर लागती."

"मग?"

"मग मोडा," सुंद्राक्का म्हणाली आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

निघताना डॉक्टर म्हणाली, "मिश्री आजपासून बंद."

"आज सांजची शेवटची लावून..."

"आत्तापासून मावशी."

अहवालाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत सुंद्राक्का घरात किती चालली त्याचा हिशेब कुणी ठेवला असता तर पायी नरसोबाच्या वाडीला जाऊन येण्याएवढा भरला असता. सकाळी उठली की बोट डबीकडं जायचं. डबी तिनं उकिरड्यात पुरली होती, तरी बोट कोनाड्यात जाऊन रिकामं परत यायचं. डोकं जड, पोट गच्च, हातापायांत मुंग्या. अंगण तीनदा झाडलं. दत्तावर ओरडली, म्हशीवर ओरडली, मग देवापुढं बसून माळ ओढायला गेली तर नाम सोडून बोटं मणीच चाचपत बसली. "देवा," ती मोठ्यानं म्हणाली, "तुजंच नाव घेतेय न् ध्यान त्या काळ्या भुकटीत हाय. तूच काय ते समजून घे बाबा."

आणि वास. इतकी वर्षं तिला मिश्रीचा वास येत नव्हता, मीठ-पाण्यासारखी ती रोजचीच. आता लांबून यायचा. तिसऱ्या दिवशी गोठ्यामागून आला. सुंद्राक्का गोठ्याच्या कडेलाच थांबली. पूनम, तिची सून, पाठमोरी उभी होती. कोपर हलत होतं.

बारावी झालेली पोर. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा परसात तवा चढला की नाकाला रुमाल लावायची. गेल्या वर्षी तिची दाढ ठणकली. रात्रभर रडत होती. पहाटे सुंद्राक्कानंच तिला मांडीशी घेतलं, स्वतःच्या बोटानं तिच्या हिरडीला मिश्री चोळली आणि म्हणाली, "थुकू नगं. बसंल ठणका." ठणका बसला होता.

सुंद्राक्का आवाज न करता मागं फिरली.  म्हशीला घातलेला चारा तिनं उगीच पुन्हा हलवला. त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि ते गालामुळं नव्हतं.

नवव्या दिवशी अहवाल आला. जे डॉक्टरला वाटलं होतं तेच होतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया. आतला गाल काढायचा, खालच्या जबड्याचं थोडं हाड काढायचं, मांडीची कातडी तिथं बसवायची. मग किरणांचा शेक. बोलता येईल, पण अस्पष्ट. गाता येईल का, असं सुंद्राक्कानं विचारलं. डॉक्टरनं खोटं सांगितलं नाही.

"वेळेवर आलात असं मी म्हणणार नाही मावशी. पण फार उशीर झाला असंही म्हणत नाही."

जायच्या आदल्या दिवशी दुपारी बाया भेटायला आल्या. कुणी बिस्किटाचा पुडा, कुणी नारळ, कुणी उगीच रिकाम्या हातांनी. ओसरी भरली. पूनमनं चहा ठेवला. शाळेत खिचडीला कोण, पोरं नीट खातात का, अशा गोष्टी झाल्या. मुल्ला गुरुजींनी निरोप पाठवला होता की नव्या बाईची खिचडी फार तिखट आहे, तुमचीच बरी होती. सुंद्राक्का त्यावर हसली, गाल धरून.

मग गल्लीतली थोरली, धोंडूआजी, सुस्कारा टाकून म्हणाली, "तुकडा काढाय नगं हुता गं. लोखंड लागलं की झालं. कासूचं तसंच झालं की."

"तेच म्हनते म्या," दुसरी म्हणाली. "बसलं हुतं ते उठिवलं."

मालन उसळली. "कासूबाईचं म्या सांगितलंय ना तुमास्नी?"

"आता सांगतीस व्हय? पाच वर्सांनी?"

"माझी चूक झाली. सतरांदा सांगितलं, माझी चूक झाली."

"मिश्रीनं हुतं म्हनं," तिसरी कुजबुजली. "मग आमास्नी कुटं झालं? माझी सासू ऐंशी वर्साची हुऊन गेली मिश्री लावत."

मालनचा आवाज चढला, चौघींचे आवाज चढले. चहा निवत होता. सुंद्राक्कानं सगळ्यांकडं एकदा बघितलं. या सगळ्यांच्या डब्या तिनं भरल्या होत्या. धोंडूआजीला बारीक कुटलेली लागायची, तिसरीला जरा भरड. ती उठली. कोपऱ्यातला पाट उचलून दारात, उन्हाच्या पट्ट्यात ठेवला. त्यावर बसली, तोंडावरचा पदर काढून मांडीवर ठेवला आणि गाल बोटानं बाजूला ओढून धरला.

बायांच्या माना तिकडं वळल्या.

"या," ती म्हणाली. ओढलेल्या गालामुळं शब्द फाटके येत होते. "लांबनं न्हाई दिसायचं. म्होरं या, आजी."

धोंडूआजी पुढं आली, कमरेत वाकली.

"हितं तुकडा काढला. टाका दिसतोय? एवढाच. आनि हे पांढरं बगा कुटवर गेलंय. पार मागं. हे तुकडा काढल्यावरचं हाय का? आषाढापासनं हाय." तिनं श्वास घेतला. "डाव्या गालात काय न्हाई. बगा. डाव्या अंगाला म्या कदी लावली न्हाई."

एकेक जण आली. वाकली, बघितलं, बाजूला झाली.  मालन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आणि बघता बघता ओसरीवर एक गोष्ट घडू लागली: ज्या बघून झाल्या, त्यांची जीभ मिटल्या तोंडात आपापल्या गालामागं फिरू लागली. गाल आतून हलत होते. धोंडूआजीची तर्जनी ओठांशी जाऊन थांबली होती.

"म्याच भाजून दिली तुमास्नी," सुंद्राक्का म्हणाली. "त्याला लोखंड काय करंल?"

तिनं गाल सोडला, पदरानं लाळ पुसली. बाया उठल्या. नारळ देवापुढं ठेवला, "ये गं लौकर" म्हणाल्या, चपला शोधल्या. धोंडूआजी जाताना सुंद्राक्काच्या डोक्यावर हात ठेवून गेली. मालन कपबशा गोळा करून मोरीकडं निघून गेली, आणि तिकडून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

सुंद्राक्का पाटावरच बसून राहिली. पायांत अजून मुंग्या होत्या, पण उठावंसं वाटत नव्हतं.

पूनम आतून आली. सासूसमोर उभी राहिली. पाटापुढं गुडघे टेकून बसली. पदराच्या टोकानं ओठ पुसले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं, जेवढं उघडेल तेवढं.

सुंद्राक्कानं तिची हनुवटी धरली आणि उजेडाकडं वळवली. आधी उजवा गाल, मग डावा, मग जीभ वर करायला लावून जिभेखाली, मग दाढांच्या मागं. पुन्हा पहिल्यापासून. ऊन उंबऱ्यावरून सरकलं, तशी तिनं पाट थोडा सरकवला, आणि पूनमही डोळे न उघडता गुडघ्यांवर तेवढीच सरकली.